न बघण्याचा परवाना

हा सगळा वैताग माझ्या बाबांनी स्वतः अर्ज करून मागवून घेतला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी यंत्राला शिव्या द्यायला नको.

खारशेतच्या खाडीत, नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला चिखलाचं मोठं मैदान उघडं पडतं. थंडीत दूर उत्तरेकडून आलेले पक्षी त्यावर उतरतात: चिमणीएवढा टिलवा, टपोऱ्या डोळ्यांचा चिखल्या, लाल चोचीचा कालवफोड्या, आणि खाली वळलेली लांबलचक चोच घेऊन एकटीच फिरणारी कोरल. त्याच वेळी त्याच चिखलात गावातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला उतरतात. बाबांचं म्हणणं असं, की बायकांच्या गोंगाटानं पक्षी हैराण होतात. बायकांचं म्हणणं असं, की हैराण झालेले फक्त सर दिसतात.

सर म्हणजे माझे बाबा, यशवंत प्रभुदेसाई. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. कांदळवन संपतं तिथे जांभ्याचा एक दगड आहे. हिवाळ्यात रोज सकाळी ते त्यावर बसतात. मातकट शर्ट, मातकट टोपी, समोर तिपाईवर दुर्बीण. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. मला त्यांनी शाळेत जायच्या आधीपासून त्या दगडावर बसवलं. डास चावला तरी हात उचलायचा नाही. "पक्षी आपल्याला विसरला पाहिजे," ते म्हणायचे, "मगच तो आपल्याला दिसतो." त्यांच्या हाताखालून गेलेली कित्येक मुलं आज निरनिराळ्या खाड्यांवर अशीच दगड होऊन बसलेली असतात.

बायकांना थंडीच्या मोसमात चिखलात बंदी करावी, असे अर्ज बाबा वर्षानुवर्षं करत होते. शेवटी जिल्ह्याच्या खाडी समितीनं ठरवलं की वाद नको, मोजमाप करू. आणि 'स्पंद' आलं.

ते नेमकं काय करतं ते सांगते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला छाती अगदी किंचित हलते, दोन-चार केसांच्या जाडीइतकी. काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी छातीवर सोडल्या आणि परतलेली लहर किती मागेपुढे सरकली ते पाहिलं, की हात न लावता ठोका मोजता येतो. गाडी चालवताना पेंगणाऱ्या ड्रायव्हरसाठी ही युक्ती आधीपासून वापरात होती. पक्ष्यांच्या बाबतीत एक सोय होती आणि एक अडचण. सोय ही, की कोरडी पिसं या लहरींना जवळजवळ पारदर्शक असतात. अडचण ही, की पक्षी स्वस्थ उभा राहत नाही. टिलवा तर पळता पळताच चोच मारत असतो. स्पंदमध्ये लहरींच्या जोडीला कॅमेरे आहेत. कॅमेरा पक्ष्याचं प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक चोच टिपतो, गणक त्या हालचाली वजा करतो, आणि जे उरतं ते हृदय. चिखलभर विखुरलेल्या शेकडो पक्ष्यांची हृदयं एका पडद्यावर ठिपक्यांसारखी लुकलुकतात. शांत ते हिरवे, घाबरलेले ते लाल.

याचा उपयोग असा. पक्षी उडाला म्हणजे घाबरला, एवढंच आपल्याला आजवर कळत होतं. पण उडणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी तो बराच वेळ जागच्या जागी घाबरत असतो, खातही असतो, आणि खाल्लेलं त्या धडधडीत जाळत असतो. एप्रिलमध्ये ज्याला हिमालय ओलांडायचा आहे त्याला हे परवडत नाही.

म्हणून नियम झाला. चिखलात उतरणाऱ्या किंवा काठावर बसणाऱ्या प्रत्येकानं मनगटावर परवान्याचा पट्टा घालायचा. तिसऱ्या काढणारे ते संकलक, पक्षी बघणारे ते निरीक्षक, यंत्र सांभाळणारा तो चालक, आणि पट्टा त्यालाही. थव्याची धडधड एखाद्या माणसामुळे वाढून तशीच राहिली, तर यंत्र त्याच्या पट्ट्यावर नोंद करतं. चालकानं तासाभरात त्या नोंदीवर 'ग्राह्य' किंवा 'यंत्रदोष' यांपैकी एक बटण दाबायचं. तीन ग्राह्य नोंदी झाल्या की पट्टा मार्चअखेरपर्यंत बंद.

चालक मी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते. मी सरांची मुलगी आहे हे समितीला माहीत होतं, पण थंडीत पहाटे उठून खाडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यामुळे नात्याकडे काणाडोळा झाला. पहिला निरीक्षक पट्टा अर्थातच बाबांनी घेतला.

पहिल्या सकाळी धुकं होतं. पाणी उतरलं तसा चिखल काळाभोर चमकू लागला आणि पक्षी पसरले. मग बायका आल्या. पुढे भागामावशी, म्हणजे भागीरथी पावसकर, मागे आठ-दहा जणी. गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेली, हातात लोखंडी पाती, आणि तोंडं अखंड चालू. कोणाच्या सुनेनं मिक्सर जाळला होता, त्यावर सगळ्यांचं सविस्तर मत होतं. बाबा दगडावर बसून डोळे मिटून घेत होते.

पडदा हिरवा होता. बायका चिखल उकरत पुढे सरकत होत्या आणि टिलवे त्यांच्या मागे मागे, अगदी टाचांपाशी, उकरलेल्या चिखलातले किडे टिपत होते. एकही ठिपका लाल नाही.

तासाभरानं पाट्या भरून बायका गेल्या. खाडी शांत झाली. आता फक्त बाबा. मी खोलीतून बघत होते. ते जरा सरसावून बसले, दुर्बिणीला डोळा लावला. आणि पडदा लाल व्हायला लागला. त्यांच्या समोरच्या पट्टीत आधी, मग अर्धवर्तुळात पसरत.

मी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. अँटेनांवर दव साचलं असेल म्हणून वर चढून पुसून आले. पुन्हा तेच. कारण म्हणून यंत्र एकच पट्टा दाखवत होतं: निरीक्षक, क्रमांक एक.

घरी आई घावणे घालत होती. मी दोघांना सांगितलं.

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले.

"मी तीनदा तपासलं."

"मग तपासण्यात चूक आहे. चाळीस हिवाळे बसतोय मी तिथे. एक पक्षी उडालेला नाही माझ्यामुळे."

"उडत नाहीत, बाबा. घाबरतात."

"माझ्याकडे बघून?"

आईनं घावणा उलटला. "एवढं आश्चर्य काय त्यात? लग्नाआधी बघायला आलात तेव्हा तासभर असेच न बोलता बघत होतात. माझी धडधड अजून आठवते मला."

"ते वेगळं होतं."

"ते तुमच्या बाजूनं वेगळं होतं," आई म्हणाली आणि पुढचा घावणा माझ्या ताटात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी स्वतःची निर्दोषता सिद्ध करायला घेतली, आणि माझा हिवाळा संपला. मातकट शर्टाऐवजी करडा शर्ट. टोपी काढून. दुर्बीण झाकून. दगडापासून दहा पावलं मागे. गोणपाटाचा आडोसा उभारून, त्याला भोक पाडून. दर वेळी मी आकडे सांगायचे आणि दर वेळी ते म्हणायचे, "आज वारा होता," किंवा "वर भोवत्या घिरट्या घालत होता." भोवत्या हा शिकारी पक्षी. आडोशाच्या दिवशी तर ठिपके सर्वात लाल झाले. मी म्हटलं, काल नव्हती अशी भिंत आज उभी राहिली आणि तिला डोळा फुटला, तर माझंही हृदय धडधडेल. बहुतेक दिवशी नोंद होण्याइतकी धडधड टिकायच्या आत ते उठायचे, तरी या भानगडीत त्यांच्या पट्ट्यावर दोन नोंदी झाल्या. दोन्हींवर मी 'ग्राह्य' दाबलं. तिसरी झाली की पट्टा बंद, हे दोघांनाही माहीत होतं. तरी बाबा रोज दगडावर जातच होते. दुपारी, भरतीच्या वेळी, पक्षी लांब असताना, असं काही नाही. ओहोटीलाच.

कारण शोधणं मला भाग होतं. कारणाशिवाय आकडा म्हणजे नुसती चहाडी.

एका सकाळी बाबांना आईनं दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मी त्यांच्या दगडावर जाऊन बसले, हातात फोनवर पडदा घेऊन, आणि लसूण सोलायला लागले. आईनं तेवढंच काम दिलं होतं. पाव किलो लसूण सोलून झाला. सगळे ठिपके हिरवे. मग मी लसूण बाजूला ठेवला, पाठ ताठ केली, श्वास हलका केला आणि बाबांनी शिकवलं तसं पक्ष्यांकडे बघत राहिले. दोन-तीन मिनिटांत समोरचे ठिपके लाल.

तेवढ्यात बायका आल्या. मी भागामावशीला म्हटलं, "मावशी, एक काम कराल? सगळ्याजणी पाच मिनिटं ताठ उभ्या राहा. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं पक्ष्यांकडे बघायचं."

"पाच मिन्टं? न बोलता?" भागामावशी म्हणाली. "बाय गो, हिच्यापेक्षा खाडी पोहून जायला सांग."

"विज्ञानासाठी."

"इज्ञानासाठी," तिनं मागे वळून हुकूम सोडला, "तोंडं मिटा गो."

त्या उभ्या राहिल्या. कोणाला तरी हसू फुटत होतं, ते दाबलं गेलं. दोन-तीन मिनिटांनी अख्खी पट्टी लाल झाली, बाबांच्या वेळी व्हायची त्याहून गडद. मी हात हलवला. सगळ्या एकदम वाकल्या आणि एकदम बोलायला लागल्या. ठिपके एकेक करून हिरवे झाले.

झालं होतं ते इतकं साधं होतं की मला रागच आला. चिखलावर पक्ष्याला मारायला जे येतं ते आधी गप्प बसतं. कोल्हा दबा धरून बसतो, खाऱ्या झाडीत मांजर बसतं, बहिरी ससाणा खांबावर बसतो. सगळे स्थिर, सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे समोर. जो वाकून, बडबडत, आपल्या कामात गुंतलेला असतो तो कोणालाच मारायला आलेला नसतो. आम्ही सगळे पक्षीप्रेमी नेमके शिकाऱ्यासारखे बसत होतो, आणि त्याला शिस्त म्हणत होतो. पक्षी आम्हाला विसरले नव्हते. ते आमच्यावरून नजर काढू शकत नव्हते.

संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. प्रयोगात त्रुटी काढल्या, त्यातल्या दोन बरोबर होत्या. मग दुखऱ्या दाताच्या बाजूनं गालावर रुमाल दाबला.

"यमुआत्याचं काय?" त्यांनी विचारलं.

यमुआत्या ही एक कोरल. डाव्या पायाचं एक बोट नाही तिला. अकरा हिवाळे ती येते आहे, आणि बाबांच्या एका खऱ्या आत्यासारखं नाक वर करून चालते म्हणून हे नाव. बाकीच्या कोरल माणूस बघून लांब राहतात. ही दगडाच्या समोर, पंचवीस-तीस पावलांवर येते, थांबते, आणि बाबांकडे एका डोळ्यानं बघत उभी राहते. ही आमच्या घरातली सर्वात लाडकी गोष्ट होती. पाहुण्यांना सांगितली जायची. बाबा फारसे कोणाजवळ जात नाहीत. पण एक रानटी पक्षी, हजारो किलोमीटर उडून आल्यावर, दर वर्षी त्यांना ओळख दाखवतो.

"तिचा आकडा वेगळा काढला नाहीये मी," मी म्हटलं. हे खोटं होतं.

"उद्या काढ."

"बाबा, उद्या बसलात आणि नोंद झाली तर तिसरी होईल."

"उद्या काढ, ऋजुता."

ते मला एरवी ऋजू म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. बायका अजून यायच्या होत्या. बाबा बसले. थोड्या वेळानं यमुआत्या आली, नेहमीसारखी नाक वर करून, आणि त्यांच्यासमोर थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी पडदा बघत होते. चिखलात लांब असताना तिचा ठोका जितका होता त्याच्या दुपटीहून वर गेला आणि तिथेच राहिला. तिनं चोच एकदाही खाली नेली नाही. ती का येत होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या जागेत, दगडाच्या समोरच्या उथळ खळग्यात, तिच्या चोचीला पुरणारे लांब किडे होते. तिला तिथे जेवायचं होतं. दर वर्षी ती तिथवर यायची, तिला तिथे कोणीतरी टक लावून बसलेलं दिसायचं, आणि ती पळायचं की राहायचं या विचारात थिजून जायची.

फोन वाजला. तिसरी नोंद. चालकाच्या निर्णयाची वाट पाहत आहे.

बाबा खोलीत आले. धाप लागली होती. "किती?"

मी आकडा सांगितला. ते स्टुलावर बसले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"एकच पक्षी आहे तो," ते म्हणाले. "एका पक्ष्यावरून अनुमान काढत नाहीत."

"बाकीचे दोनशे पण आहेत पडद्यावर."

"थंडी आहे. थंडीत ठोके वाढतात."

"तुम्ही यायच्या आधीही थंडीच होती."

ते पडद्याकडे बघत होते. तिथे दोन बटणं होती आणि मधे उलटा मोजणारा काटा.

"यंत्रदोष दाब," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दाब. दव असतं अँटेनांवर, तूच म्हणाली होतीस. कोणाला काय कळणार आहे? आणि मी मार्चपर्यंत काय करू? टीव्ही बघू?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "माझ्या अर्जांमुळे हे यंत्र आलं, ऋजू. त्या बायकांच्या गोंगाटासाठी आलं. माझ्यासाठी नव्हतं आलेलं."

मला भयंकर राग आला होता. त्यांचा, यंत्राचा, समितीचा, त्या मूर्ख कोरलचा, जी दुसऱ्या खळग्यात जेवू शकली असती. कॉलेजात पहिल्याच तासाला ते मुलांना नावडत्या आकड्यांबद्दल एक वाक्य सांगायचे. ते माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं; तेवढीच दया मला शक्य होती. मग मी 'ग्राह्य' दाबलं.

त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याचा हिरवा दिवा विझला. त्यांनी तो काढून माझ्या टेबलावर ठेवला, दुर्बिणीची तिपाई मिटून ती खांद्याला लावली आणि बांधावरून घरी गेले. पाठीमागून बघताना पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले, आणि त्याचाही राग आला.

पुढचे दिवस घरात राहवेना. बाबा माझ्याशी बोलत नव्हते आणि आईशी सतत बोलत होते. कांदा कसा चिरावा, गॅस कधी बारीक करावा, वर्तमानपत्राची घडी कशी घालावी. एकदा मी जेवत असताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातातलं पुसणं टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "सकाळचे ते तीन तास एवढंच माझं सुख होतं या संसारात. तुम्ही दोघांनी विज्ञान करून ते घालवलंत."

"मी काय करू?" मी म्हटलं. "पट्टा बंद आहे."

"निरीक्षकाचा बंद आहे ना?"

"हो."

"मग झालं तर," आई म्हणाली. पुढे काय झालं ते मला विचारलं गेलं नाही, सांगितलंही गेलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी, ओहोटी चांगली लांब होती तेव्हा, बायका खाडीवर आल्या. मी खोलीत होते. पडद्यावर संकलकांचे पट्टे एकेक करून उमटले आणि शेवटी एक नवीन उमटला. मी जाळीतून बाहेर बघितलं. बायकांच्या रांगेच्या टोकाला, जुन्या खाकी अर्ध्या चड्डीत, डोक्याला आईचा पंचा गुंडाळून, बाबा चिखलात उतरत होते.

"सर, पाय घासत टाका," भागामावशी ओरडली. "उचललात की अडकलात."

"माहीत आहे मला."

"माहीत हाय म्हनतायत आन् गुडघ्यापातूर गेलेत," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"वयनींनी सांगितलंय, दोन किलो तिसऱ्या आनल्याबिगर घरात घेनार नाय म्हनून," भागामावशी म्हणाली. "वाका आता. आन् काय तरी बोला. मुक्यानं काम करायची रीत नाय आमच्यात."

बाबा वाकले. आधी काहीच बोलले नाहीत. मग भागामावशीनं गुडघेदुखीचा विषय काढला आणि तिथे त्यांना मत होतं. पुढचा अर्धा तास मी त्यांचा आवाज ऐकत होते. वंगण, कूर्चा, जिना उतरताना कोणता पाय आधी. पक्षी त्यांच्या भोवती पसरले. एक टिलवा त्यांच्या मागे दोन हातांवर आला, मग दुसरा. आयुष्यात ते पक्ष्यांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते, आणि त्यांची मान खाली होती. पडदा हिरवा.

मला खोलीत बसवेना. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांचा पंचा घसरून कानावर आला होता. वर न बघता, हातानं चाचपत, ते तो बांधत होते. मी किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. खिशात फोन थरथरला.

पडद्यावर काठाजवळची पट्टी लाल झाली होती. मी पहिल्यांदा बाबांचा पट्टा तपासला. ते वाकलेलेच होते. मग कारणाचा रकाना बघितला. चालक, क्रमांक एक.

मी तर पक्ष्यांकडे बघतही नव्हते. पण पक्ष्यांना ते कसं कळणार? दारात कोणीतरी ताठ उभं होतं, गप्प होतं आणि टक लावून बघत होतं.

मी स्वतःच्या नोंदीवर 'ग्राह्य' दाबलं, चपला काढल्या, सलवार गुडघ्याच्या वर दुमडली आणि चिखलात उतरले. तो इतका गार होता की दात वाजले. भागामावशीनं काही न विचारता एक जादा पातं माझ्याकडे सरकवलं. मी बाबांच्या शेजारी वाकले.

"तुझं काम कोण बघतंय?" बाबांनी चिखलाला विचारलं.

"यंत्र बघतंय. त्यानं बघितलेलं चालतं."

"हं."

त्यांनी एक तिसरी उकरून काढली, बोटांनी पुसली आणि पाटीत टाकली. आम्ही दोघं गप्प झालो. जन्मभराची सवय.

"गप्प बसू नकोस," थोड्या वेळानं बाबा वैतागून म्हणाले. "तू आल्यापासून मागचं टिलव्यांचं पचपच थांबलंय. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? आपण इथे कधी बोललोय का?"

मी विचार केला, आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. "मार्चनंतर मी हे काम सोडणार आहे."

बाबांची मान झटकन वर यायला निघाली. मला खांद्याची हालचाल दिसली. मग ती मान मध्येच थांबली, आणि त्यांनी पातं चिखलात खोलवर खुपसलं.

"का?"

"माणसांच्या नावापुढे बटणं दाबायला नाही शिकले मी. मला हृदयं मोजायची आहेत. लोकांचे पट्टे बंद करायचे नाहीत."

"मूर्खपणा आहे हा," बाबा खाली बघत म्हणाले. "शुद्ध मूर्खपणा. तू सोडलंस तर कोण येईल इथे? कोणीतरी येईल ज्याला तासाभरात दोन फोन आले की तो यंत्रदोष दाबत बसेल. त्यापेक्षा यंत्र उचलून नदीत टाका."

"तुम्हीच सांगितलं होतंत मला दाबायला."

"सांगितलं होतं. तू दाबलंस का?"

"नाही."

"मग? म्हणून तर सांगतोय. काही कळतंय का तुला?"

"मला हेच कळत नाहीये, की तुम्ही माझं कौतुक करताय की मला रागावताय."

"दोन्ही," बाबा म्हणाले. "सर, हात चालवा," पलीकडून भागामावशी ओरडली. "हात चालूच आहेत," बाबा तिच्यावर खेकसले आणि पुन्हा माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या दिशेच्या चिखलाकडे. आमचं चांगलंच जुंपलं. पगार, समिती, पुढचं शिक्षण, माझा हट्टी स्वभाव, तो कोणाकडून आला. मी सांगत होते की नियम बदलायला लागेल, नोंद माणसावर नको, वागण्यावर हवी, बसायचं कसं ते लोकांना शिकवायला हवं. आणि बाबा मध्येच तोडत होते की शिकवणार कोण, आणि मी म्हणत होते की चाळीस हिवाळे ज्यांनी चुकीचं शिकवलं त्यांनीच. तेवढ्यात माझ्या उजव्या टाचेला काहीतरी बारीक, ओलं, टोकदार लागलं, उचललं गेलं आणि पुन्हा लागलं.

मी वाक्य तोडलं नाही.